जपानी मालिकांतलं प्रेम आणि 'परमनंट' नोकरी

प्रश्न थोडक्यात असा आहे: जपानमध्ये जात नाही, राजेरजवाडे उरले नाहीत, जो तो स्वतःला मध्यमवर्गीय म्हणवतो. मग तिथल्या मालिकांमध्ये गरीब मुलगी आणि गर्भश्रीमंत मुलगा ही जोडी एवढी का दिसते? यात काही तथ्य आहे की सगळा मसालाच? आणि बघायचंच तर सुरुवात कुठून करावी?

मी पुण्यात जपानी शिकवते, चाकणच्या कारखान्यांमध्ये दुभाषी म्हणून जाते आणि अधूनमधून सबटायटलची कामंही घेते. शिकवताना मालिका भरपूर दाखवते, त्यामुळे हा प्रश्न निरनिराळ्या तोंडून ऐकलाय. उत्तर जरा लांबेल.

आधी थेट सांगते. गर्भश्रीमंत मुलगा हा बराचसा मसालाच आहे. वर्गभेद मात्र खराखुरा आहे, फक्त आपण तो भलत्याच ठिकाणी शोधतो. सवयीने आपण बंगला, गाडी, नोकरचाकर बघतो. जपानी मालिकेत बघायचं ते हे की माणूस कुठल्या प्रकारच्या नोकरीवर आहे, कुठल्या गावाहून आलाय आणि टोकियोत कुठल्या स्टेशनजवळ राहतो. आपल्याकडे स्थळ बघताना 'मुलगा परमनंट आहे ना?' असं विचारतात. तो एक प्रश्न हाताशी ठेवला, तर गेल्या तीस-पस्तीस वर्षांतल्या निम्म्या जपानी प्रेमकथा उलगडतात.

त्या प्रसिद्ध जोडीपासूनच सुरू करू. 'हाना योरी दांगो' हे नाव माहीत नसलं तरी कथा बहुतेकांना माहीत असते. योको कामिओ यांची ही मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, १९९२ पासून मुलींच्या एका नियतकालिकात यायला लागली. २००१ मध्ये तैवानने तिच्यावर मालिका केली, २००५ मध्ये टीबीएस या जपानी वाहिनीने मालिका आणली, २००९ मध्ये कोरियाने. आपल्याकडच्या मुलामुलींनी बहुधा कोरियनच पाहिलेली असते. धनाढ्यांच्या एइतोकु शाळेत शिकणारी साध्या घरची माकिनो त्सुकुशी आणि शाळा मुठीत ठेवणाऱ्या चौकडीचा म्होरक्या दोम्योजी त्सुकासा.

गंमत म्हणजे या कथेतला सगळ्यात कमी जपानी भाग दोम्योजीचं घराणंच आहे. युद्धानंतर अमेरिकी ताब्याच्या काळात झाइबात्सु मोडून काढले, म्हणजे मित्सुई, मित्सुबिशी यांसारख्या घराण्यांच्या हातात असलेले उद्योगसमूह. १९४७ मध्ये नवी राज्यघटना लागू झाली आणि उमरावांच्या पदव्या गेल्या. वारसा कराचा सगळ्यात वरचा टप्पा आज ५५ टक्क्यांचा आहे. श्रीमंत माणसं अर्थातच आहेत, पण कोरियात उद्योगसमूहांचे वारस जसे रोजच्या बातम्यांत असतात तसं जपानमध्ये नाही. त्यामुळे कोरियन आवृत्तीतला वारस खरा वाटतो आणि जपानी दोम्योजी व्यंगचित्रासारखा. ती भूमिका करणाऱ्या जुन मात्सुमोतोने तो तसाच केलाय, आणि मला वाटतं ते बरोबर आहे.

जपानी लेखकाला खरोखर पटेल असा वारस हवा असतो तेव्हा तो कारखानदाराकडे जात नाही. तो खाजगी हॉस्पिटलच्या मालकाकडे जातो, नाहीतर इकेबाना (पुष्परचना), चहाविधी, काबुकी (पारंपरिक नाटक) अशा कलांच्या पिढीजात गाद्यांकडे. तिथे वारसा अजून जिवंत आहे. हॉस्पिटलचा मुलगा आणि इकेबानाची लेक पुढे भेटतीलच.

'हाना योरी दांगो'त खरं काही असेल तर ते माकिनोच्या घरात. कंपनीने दिलेल्या क्वार्टरमध्ये राहणारं कुटुंब, वडिलांची नोकरी डळमळीत, आणि पोटाला चिमटा काढून मुलीला त्या महागड्या शाळेत टिकवणारे आईबाप, कारण तिथे एखादा चांगला मुलगा गळाला लागेल. मुलगी स्वतः मिठाईच्या दुकानात पार्टटाइम काम करते. दोम्योजीची आई पैसे फेकून तिला बाजूला करायला बघते ते सगळ्यांच्या लक्षात राहतं. माझ्या लक्षात राहते ती त्सुकुशीची आई. पोरीवरचं प्रेम आणि पोरीची गुंतवणूक या दोन गोष्टी त्या बाईच्या डोक्यात वेगळ्या नाहीतच.

जपानी टीव्हीचा विस्तारच मुळी एका 'विषम' लग्नावर झाला, हेही इथे सांगायला हवं. युवराज अकिहितो आणि शोदा मिचिको यांची गाठ १९५७ मध्ये करुइझावाच्या टेनिस कोर्टवर पडली आणि १० एप्रिल १९५९ ला लग्न झालं. उमराव घराण्याबाहेरची पहिली युवराज्ञी. ती मिरवणूक बघायला लोकांनी टीव्ही घेतले. १९५८ मध्ये १० लाखांवर असलेली एनएचके या सार्वजनिक प्रसारण संस्थेची टीव्ही वर्गणीदारांची संख्या लग्नाच्या तोंडावर २० लाखांपार गेली. 'सामान्य घरातली मुलगी' म्हणून तिचं केवढं कौतुक झालं. वडील मात्र निश्शिन या मोठ्या पीठ-गिरणी कंपनीचे अध्यक्ष होते. सामान्य कुणाला म्हणायचं याचं माप तेव्हापासून असं सैल आहे.

'जात नाही' या वाक्याला मात्र माझी हरकत आहे. कातडी कमावणं, मेलेली जनावरं उचलणं, फाशी देणं अशी कामं ज्यांच्या माथी मारली होती त्या लोकांच्या वंशजांना बुराकुमिन म्हणतात. १८७१ मध्ये कायद्याने तो भेद संपवला. तरी लग्न ठरवताना खाजगी गुप्तहेर लावून समोरच्याचं मूळ गाव काढणं विसाव्या शतकात सर्रास चाललं, आणि १९७५ मध्ये बुराकु वस्त्यांच्या पत्त्यांची यादीच कंपन्यांनी विकत घेतल्याचं उघडकीला आलं. महाराष्ट्रातल्या वाचकाला यात नवल वाटायचं कारण नाही. नवल हे की प्राइमटाइमच्या प्रेमकथेत हा विषय जवळजवळ येतच नाही. जपानमध्ये जन्मलेल्या कोरियन वंशाच्या लोकांबद्दलही असाच अवघडलेपणा. २००४ ची 'टोकियो वान्केइ' हा त्यातला ठळक अपवाद. तिची नायिका कोरियन वंशाची आहे आणि ही मालिका फुजी टीव्हीच्या सोमवारी रात्री नऊच्या वेळेत लागली. जपानी मालिका वर्गाबद्दल मोकळेपणाने बोलतात असं मी म्हणते तेव्हा ही भलीमोठी गाळलेली जागा धरूनच म्हणते.

सोमवार रात्री नऊ. ही वेळ लक्षात ठेवा. प्रेमकथांची ती जपानमधली सगळ्यात मानाची जागा.

१९९१ मध्ये याच वेळेत वर्षाच्या सुरुवातीला 'टोकियो लव्ह स्टोरी' आली आणि उन्हाळ्यात 'ह्याकुइक्काइमे नो प्रपोझु', म्हणजे एकशे एकावी मागणी. पहिलीचा पटकथाकार युजी साकामोतो तेव्हा जेमतेम तेवीस-चोवीस वर्षांचा. एहिमेहून टोकियोत नोकरीला आलेला कान्जी आणि परदेशात वाढलेली, मनात येईल ते बोलून मोकळी होणारी रिका. या मालिकेत गाव विरुद्ध शहर आहे, संकोच विरुद्ध धीटपणा आहे. घरभाड्याची चिंता कोणी करत नाही. पंचविशीतली मुलं रोज बाहेर जेवतात, प्रशस्त खोल्यांत राहतात, आणि तेव्हा कुणालाही ते खटकलं नाही. सरकारी पाहणीत नव्वद टक्के लोक स्वतःला मधल्या थरात घालत होते. शेअर बाजार कोसळायला लागला होता, पण सर्वसामान्य नोकरदारापर्यंत ती झळ यायची होती.

दुसरी मालिका शिन्जी नोजिमाची. ऑर्केस्ट्रातली चेलोवादक काओरु आणि बेचाळिशीचा, नव्व्याण्णव वेळा मुलगी बघून नकार पचवलेला, कंपनीत खालच्याच पायरीवर अडकलेला तात्सुरो. तो धावत्या ट्रकसमोर उभा राहून 'मी मरणार नाही' म्हणून ओरडतो, तो प्रसंग जपानमध्ये अजून नकला करून दाखवतात. मला त्याहून शेवटचा भाग मोलाचा वाटतो. हा माणूस तिच्या तोलाचं व्हायचं म्हणून चालू नोकरी सोडतो, वकिलीच्या महाकठीण परीक्षेला बसतो, आणि नापास होतो. मग बांधकामावर मजुरी. ती लग्नाचा पोशाख घालून रात्री तिथे येते आणि अंगठी म्हणून बोटात चढतो तो जमिनीवर पडलेला एक नट, बोल्टवर बसतो तो. परीक्षा पास करून त्याला वर चढवायचा सोपा रस्ता लेखकासमोर होता. तो त्याने घेतला नाही. याच नोजिमाने २०१८ मध्ये 'ताकाने नो हाना' लिहिली: इकेबानाच्या मोठ्या गादीची लेक आणि सायकलचं दुकान चालवणारा माणूस. ठेवण ओळखीची आहे, पण २०१८ मध्ये तो नट चालला नसता.

कारण मधे २००० ची 'यामातो नादेशिको' येऊन गेली होती. या एका मालिकेवर मी कितीही वेळ बोलू शकते.

साकुराको कान्नो, हवाई सुंदरी. नानाको मात्सुशिमा ही भूमिका करते. तोयामाच्या किनाऱ्यावर कोळ्याच्या घरात वाढलेली, लहानपणी गरिबी भोगलेली, आणि एका निश्चयाने टोकियोत आलेली की पैसेवाल्याशीच लग्न करीन. तरुण मुलं-मुली समसमान संख्येने जेवायला भेटतात आणि एकमेकांना जोखतात, त्या प्रकाराला गोकोन म्हणतात. साकुराको गोकोनची राणी. समोरच्याचं घड्याळ, बूट, गाडीची किल्ली एका नजरेत वाचते. आणि रात्री घरी परतते ती कुठे? एका कळकट, जुन्या इमारतीतल्या खोलीत. खोलीत धड सामान नाही, पण कपड्यांच्या रांगा लागल्यात, सगळे ब्रँडेड. भाडं वाचवून, खाणं मारून घेतलेले. ही खोली बघताना हसू येतं, आणि थोड्या वेळाने येत नाही. कारखान्यात जसं यंत्राला तेल लागतं तसे हे कपडे आहेत. मौज म्हणून तिने त्यातला एकही घेतलेला नाही.

तिचा होणारा नवरा हिगाशिजुजो हा हॉस्पिटलच्या घराण्याचा वारस. सभ्य, थोडा कंटाळवाणा, मनापासून प्रेम करणारा. आणि दुसरीकडे ओसुके. एका गोकोनमध्ये त्याच्या कोटावर घोड्यांच्या मालकाची पिन असते, तेवढ्यावर साकुराको त्याला धनाढ्य डॉक्टर समजते. प्रत्यक्षात तो वडिलांच्या माघारी मासळीचं छोटं दुकान चालवतोय. कोळ्याच्या घरातून पळालेली मुलगी मासळीवाल्याच्याच प्रेमात पडते, हा पेच मिहो नाकाझोनो या लेखिकेने फार मजेने रचलाय.

साकुराको पैशाबद्दल जे बोलते ते उघडंवाघडं असतं. मनापेक्षा पैसा बरा, असं ती हसतमुखाने सांगते आणि मालिका तिला त्याबद्दल लगेच शिक्षा करत नाही. शेवटचा भाग ३४ टक्क्यांवर लोकांनी पाहिला. घरोघरी हीच चर्चा, की ती वाईट आहे की खरं बोलणारी आहे.

माझी तक्रार एकच. ओसुके हा मुळात गणितज्ञ आहे. अमेरिकेतलं संशोधन अर्धवट टाकून आलेला. शेवटी तो न्यूयॉर्कला परत गणिताकडे जातो आणि ती त्याच्या मागे. म्हणजे तिने निवडलेला मासळीवाला खरा मासळीवाला नव्हताच. दुकानातच राहणारा, गणिताशी काही देणंघेणं नसलेला माणूस तिने निवडला असता का? लेखिकेने तो प्रश्न टाळला. दहा वर्षांआधी तो नट उचलणाऱ्या नोजिमाने टाळला नव्हता. माझ्या काही विद्यार्थिनी यावर माझ्याशी भांडतात; त्यांचं म्हणणं, पडत्या काळात प्रेक्षकांना एवढं तरी सुख द्यायला हवंच होतं. असेल.

हीच नाकाझोनो सात वर्षांनी 'हाकेन नो हिंकाकु' घेऊन येते आणि आता श्रीमंत नवरा चित्रातूनच गेलेला असतो. हाकेन म्हणजे एजन्सीमार्फत ठरावीक मुदतीवर पाठवलेला कर्मचारी. १९८५ चा कायदा मोजक्या कामांपुरता होता, १९९९ मध्ये तो जवळपास सगळ्या कामांना खुला केला, २००४ मध्ये कारखान्यांनाही. एका पिढीच्या नोकऱ्यांचा पोतच बदलला. मालिकेतली हारुको ओमाए दर तीन महिन्यांच्या करारावर येते, सहा वाजले की उठते, ढीगभर कौशल्यं बाळगते. तिचा तिरस्कार करणारा परमनंट साहेब शोजी तिच्याच प्रेमात पडतो. प्रेमकथा तशी तोंडी लावण्यापुरतीच. पण ऑफिसात एकाच टेबलावर बसणाऱ्या दोन माणसांमध्ये केवढी दरी आहे ते या मालिकेने घराघरांत नेलं. एकाला बोनस, बदली, बढती, निवृत्ती. दुसऱ्याला धड नावाने हाकही नाही, नुसतं 'हाकेन'. चाकणला शॉपफ्लोअरवर परमनंट आणि कॉन्ट्रॅक्टवाले यांच्यात उभं राहून दुभाष्याचं काम करताना ही मालिका मला हटकून आठवते. पुढच्याच वर्षी लेहमन या अमेरिकी बँकेची पडझड झाली, आणि २००८ च्या अखेरीस नोकरीबरोबर कंपनीची खोलीही गमावलेल्या कामगारांसाठी टोकियोच्या हिबिया पार्कमध्ये तंबू ठोकून अन्नछत्र चालवावं लागलं. जपानी नवं वर्ष, आणि मंत्रालयांच्या समोर रांगेत उभे मजूर. तो धक्का मोठा होता.

आता २०१६. माझ्या मते या विषयातलं सगळ्यात श्रीमंत वर्ष, कारण त्या एका वर्षात दोन मालिका आल्या आणि दोघींनी उलट्या दिशांनी एकच गाठ सोडवायला घेतली.

'निगेरु वा हाजि दा गा याकु नि तात्सु', लाडाने 'निगेहाजी'. त्सुनामी उमिनो यांची मांगा, अकिको नोगी यांची पटकथा. मिकुरी मानसशास्त्रात पदव्युत्तर शिकलेली, तरी नोकरी न मिळाल्याने हाकेन झालेली, आणि तीही सुटलेली. वडिलांच्या ओळखीने ती हिरामासा त्सुझाकी या एकट्या राहणाऱ्या इंजिनीअरकडे घरकामाला लागते. आईवडील निवृत्तीनंतर गावाकडे निघतात, तिला त्यांच्याबरोबर जायचं नसतं, आणि ती एक प्रस्ताव मांडते: कागदोपत्री नवराबायको होऊ, तुम्ही मालक, मी पगारी. तास ठरलेले, पगार ठरलेला. गृहिणीच्या बिनपगारी कामाचं मोल वर्षाला सुमारे ३० लाख ४१ हजार येन, हा सरकारी अंदाजही मालिका प्रेक्षकांसमोर ठेवते. विनोदी मालिका आहे, शेवटच्या गाण्यावरचा नाच अख्ख्या जपानने केला, मंगळवार हा मिठीचा दिवस ठरतो वगैरे गोडवाही भरपूर आहे.

पण दहावा भाग जरा नीट बघा. आधी बाजारपेठेतले ओळखीचे दुकानदार मिकुरीला म्हणतात, आमच्या मेळाव्याच्या कामाला हातभार लाव, अनुभव मिळेल. फुकट. ती म्हणते, कामाच्या हौसेचा फायदा घेऊन पैसे न देणं ही पिळवणूक आहे. दुकानदार वरमतात, प्रेक्षक हसतात. त्याच भागात पुढे हिरामासा तिला छान जेवायला नेतो आणि खरी मागणी घालतो. दोघं आता एकमेकांवर प्रेम करतात, मग खरंच लग्न करू. बिचाऱ्याने हिशेबही तयार ठेवलाय: पगार द्यायची गरज उरणार नाही, तेवढी बचत होईल. स्वतःची नोकरी जाणार हे त्याला कळलेलं आहे, ते त्याने तिला नीट सांगितलेलं नाही. मिकुरी शांतपणे विचारते, म्हणजे तुमच्यावर माझं प्रेम आहे म्हणून आता मी सगळं फुकट करायचं? ही प्रेमाची पिळवणूक झाली. माझा याला ठाम विरोध आहे.

टेबलाच्या दोन बाजूंना दोघंही सरळमार्गी, दोघंही प्रेमात, आणि दोघंही बरोबर. दुष्ट सासू नाही, पैशाचं पाकीट नाही, तरी गाडं अडलं. शेवटच्या भागात ते घराला एक संस्था मानतात, दोघं सहव्यवस्थापक होतात, बैठका घेतात, भांडतात. मालिकेने उत्तर सापडल्याचा आव आणला नाही हे मला आवडतं. (आणि हो, ही दोन कामं करणारे युई आरागाकी आणि गेन होशिनो यांनी २०२१ मध्ये खरोखर लग्न केलं. वर्गात ही बातमी सांगितली की दोन मिनिटं शिकवणं थांबतं.)

त्याच वर्षी जानेवारीत, सोमवारी नऊला, युजी साकामोतो परत आला होता. 'टोकियो लव्ह स्टोरी'वाला. मालिकेचं नाव फार लांबलचक, सगळे 'इत्सुकोई' म्हणतात. ओतो ही होक्काइदोत पालक आईबापांकडे वाढलेली, एका पैसेवाल्या प्रौढाशी लग्न लावून दिली जाण्याच्या बेतात असताना पळालेली. टोकियोत ती वृद्धाश्रमात सेवेचं काम करते. रेन फुकुशिमातल्या आइझूचा, सामान हलवणाऱ्या कंपनीत हमालकाम करतो. आजोबांची गेलेली जमीन परत मिळवायची आहे. पंचवीस वर्षांपूर्वी याच लेखकाच्या पात्रांना भाड्याची आठवण नव्हती. इथे प्रेमाची कबुली द्यायला दोघांना वेळ आणि ताकद उरत नाही. रात्रपाळी करून आलेली मुलगी, दिवसभर कपाटं उचललेला मुलगा, बसमधली भेट. तिसरा 'असाही' नावाचा तरुण, ओतो काम करते त्या संस्थेच्या मालक-कंपनीच्या अध्यक्षाचा मुलगा. म्हणजे तोच जुना श्रीमंत वारस! पण हा प्रेमळ आणि दबलेला आहे, आणि त्याच्या बापाची कमाई ओतोच्या रात्रपाळ्यांमधून होतेय हे प्रेक्षकाला पहिल्यापासून माहीत असतं.

मधे २०११ चा भूकंप येतो. मालिका पाच वर्षं पुढे जाते आणि रेन भेटतो तो सुटाबुटात, हाकेन कामगार पुरवणाऱ्या कंपनीत, थंड चेहऱ्याने माणसांची भरती करताना. तो असा का झाला हे सांगत नाही, बघा. प्रेक्षकसंख्या मात्र सरासरी दहा टक्क्यांच्याही आत राहिली. दिवसभर राबून आलेल्या माणसाला सोमवारी रात्री हे बघवलं नसेल, त्यांना दोष देत नाही.

बाकी काहींबद्दल थोडक्यात. 'टोकियो जोशी झुकान' (२०१६) मध्ये अकिताहून आलेली आया घरं बदलत जाते: सान्गेन्जाया, एबिसु, गिन्झा, तोयोसु, योयोगी-उएहारा. प्रत्येक पत्त्याबरोबर पुरुष बदलतो. टोकियोचा नकाशा हाच तिचा वर चढायचा जिना. एबिसुतला चकचकीत मित्र तिच्याबरोबर फिरतो आणि लग्न मात्र आपल्या थरातल्या मुलीशी ठरवतो. तिला ते कळतं त्या प्रसंगात आवाज कोणी चढवत नाही. 'रिच मॅन, पूअर वुमन' (२०१२) चं नाव बघून पळू नका. श्रीमंत तरुण आयटी कंपनीचा मालक, आणि 'गरीब' मुलगी टोकियो विद्यापीठाची शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी, जिला नोकरी मिळत नाहीये. पदवी संपायच्या आत नोकरी ठरली नाही तर पुढची वाट फार अरुंद होते, ती भीती या हलक्याफुलक्या मालिकेत बरोबर उतरलीय. नेटफ्लिक्सची 'फर्स्ट लव्ह' (२०२२) गायिका उताडा हिकारुच्या गाण्यांवरून सुचलेली. स्मृती जाण्याचा मसाला मला जड गेला, पण साप्पोरोत टॅक्सी चालवणारी याए आणि तिचा श्रीमंत डॉक्टर नवरा, त्यातून मुलाचा ताबा कोणाकडे गेला आणि का, तेवढा धागा धरून बघा.

आणि ज्यांना जुना काळ आवडतो त्यांनी एनएचकेची सकाळची मालिका 'हानाको तो आन' (२०१४) बघावी. लेखिका पुन्हा नाकाझोनो. मुख्य कथा गरीब घरातून आलेल्या अनुवादिका हानाको मुराओका यांची, पण लोकांना वेड लावलं ते तिच्या उमराव मैत्रिणीने. ती बेतलीय कवयित्री ब्याकुरेन यानागिवारावर, तैशो सम्राटाच्या मामेबहिणीवर. घराण्याला नाव होतं. पैसा होता क्युशुच्या कोळसा-सम्राट डेनेमोन इतोकडे. तो तिच्याहून पंचविसेक वर्षांनी मोठा, गरिबीतून वर आलेला, फारसा न शिकलेला. १९२१ मध्ये ती तरुण र्युसुके मियाझाकीबरोबर निघून गेली आणि नवऱ्याशी संबंध तोडल्याचं पत्र 'ओसाका आसाही' या वर्तमानपत्रात छापून आलं. विवाहितेचा व्यभिचार तेव्हा फौजदारी गुन्हा होता, बायकोचाच फक्त. डेनेमोनने खटला भरला नाही. मालिकेतही हा कोळशावाला खलनायक व्हायला हवा होता, पण कोतारो योशिदाने असा काही केलाय की पळून जाणाऱ्या नायिकेच्या बाजूने असलेले प्रेक्षक त्याच्यासाठी हळहळतात. तिने त्याला कधी माणूस म्हणून मोजलं का, हा प्रश्न मालिका हळूच विचारते. वर्गाचा अपमान खालून वर जातो तसा वरून खालीही येतो, अगदी कवितेतूनसुद्धा.

बघताना काय टिपायचं ते सांगते, याने सबटायटलबाहेरचं बरंच कळेल. दोन मजली जुनी लाकडी इमारत आणि बाहेरून लोखंडी जिना दिसला की भाडं कमी, पात्र हातातोंडाशी. दाराशी बूट काढायची जागा केवढी आहे ते बघा. दुपारचं जेवण कुठून येतं ते बघा: घरचा डबा, कंपनीचं कँटीन की चोवीस तास उघड्या दुकानातला भाताचा गोळा. गावाकडून फोन आला की पात्राची बोली बदलते का ते ऐका. टोकियोत दडवलेलं गाव तिथे बाहेर येतं. आणि कोणी प्रेमाची कबुली दिली की त्याच भागात त्याची नोकरी पक्की आहे का याचा उल्लेख शोधा. बहुतेक वेळा सापडतो, कारण लेखकांना माहीत आहे की तिथे पक्की नोकरी नसलेल्या पुरुषांची लग्नं कमी होतात, आणि २०२० च्या जनगणनेनुसार पन्नाशीपर्यंत एकदाही लग्न न झालेले पुरुष २८ टक्के आहेत, बायका जवळपास १८ टक्के.

सुरुवात 'निगेहाजी'ने करा. अकरा भाग आहेत, हसत हसत संपतील, आणि दहावा आला की घाई न करता बघा. मग 'यामातो नादेशिको'. 'इत्सुकोई' एका बैठकीत संपवू नका, दोन-दोन भाग पुरे. 'हाना योरी दांगो' आधी कोरियन पाहिली असेल तर जपानी नंतर बघायला हरकत नाही, पण त्सुकुशीच्या आईवर नजर ठेवा.